आमची वाटचाल: दांडा, मूठ आणि लिंच पिन

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये हातकोळपी तयार होतात. पुढे चाक, मागे पातं, वर दांडा. ढकलत-ओढत पिकाच्या दोन ओळींमधलं तण कापायचं साधं अवजार. वडिलांनी सुरुवात केली ती दुसऱ्यांच्या जॉबवर्कवर. कोळपं हे आमचं स्वतःचं पहिलं उत्पादन, आणि आजही आमचा धंदा त्याच्यावरच उभा आहे.

ते चालवतं कोण, हे आधी सांगायला हवं. दुकानातून कोळपं विकत घेतो तो बहुतेक वेळा पुरुष. रानात ते धरते ती बाई, साडीवर पुरुषी शर्ट घातलेली, डोक्याला टॉवेल बांधलेली. आमच्या भागात भांगलण म्हणजे बायकांचंच काम. पैसे मोजणारा वेगळा आणि राबणारी वेगळी, त्यामुळे दुकानदारांकडून आमच्याकडे जे निरोप यायचे ते भावाचे आणि रंगाचे. तिचं म्हणणं त्यात कधी नसायचंच.

लघुउद्योगांसाठीची केंद्र सरकारची लीन योजना, म्हणजे कारखान्यातली उधळपट्टी कमी करायला शिकवणारी योजना, २०२३ मध्ये नव्या रूपात आली. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं, म्हणून आमच्यासारख्यांना ती परवडते. आम्ही नाव नोंदवलं. सल्लागार सरांनी पहिल्यांदा टोयोटाच्या ताइइची ओनोंनी मांडलेले वायफळ खर्चाचे सात प्रकार फळ्यावर लिहिले: गरजेपेक्षा जास्त उत्पादन, वाट पाहणं, मालाची ने-आण, जास्तीची प्रक्रिया, साठा, माणसाची उगाचची हालचाल आणि सदोष माल. ओनो म्हणे कारखान्यात जमिनीवर खडूने वर्तुळ काढायचे आणि माणसाला त्यात उभं करायचे. काही करायचं नाही, फक्त बघायचं.

आम्हीही उभे राहिलो. कटिंगवरून पाइप बेंडिंगला जातो, तिथून पुन्हा शेडच्या पहिल्या टोकाला ड्रिलिंगला येतो, हे रोज समोर घडत होतं. दांड्याची तीन मापं, म्हणून तीन जिग (पाइप जागेवर धरून ठेवणारे साचे), तीनदा सेटिंग, आणि तिन्ही मापांचे ढीग. हंगामात एक माप संपायचं आणि बाकीची दोन धूळ खात पडायची. आपल्याकडच्या बाजारात ही रीतच आहे, लेडीज वेगळं, जेन्ट्स वेगळं, उंच माणसाचं वेगळं.

मला मात्र ते खडूचं वर्तुळ शेडपुरतं पुरेसं वाटेना. तसंच रानाच्या बांधावरही उभं राहायला हवं होतं. जूनच्या पेरण्या झाल्या, पाऊस उघडला, वाफसा आला, तेव्हा तासगाव रस्त्याला एका सोयाबीनच्या रानात गेलो. कोळपं आमचंच होतं. पण दोन्ही मुठींना जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळलेली.

"मावशी, हे फडकं कशाला बांधलंय?"

"मूठ काचतीया. आन् दांडा बी उंच पडतोय, खांदं भरून येत्यात. मालकाच्या मापानं घेतलाय त्यो."

थोड्या वेळाने त्यांनी कोळपं सुनेकडे दिलं. ती त्यांच्याहून चांगली वीतभर बुटकी. मग शेजारणीने घेतलं, ती उंच. एका कोळप्याला दिवसभरात तीन-चार हात लागतात, हे शेडमध्ये बसून कधीच कळलं नसतं. लेडीज आणि जेन्ट्स या वाटणीला त्या रानात काही अर्थच नव्हता. पाहिजे होता एकच दांडा, जो जागच्या जागी वर-खाली करता येईल. रानात पाना नसतो, त्यामुळे नट-बोल्ट बाद. हाताने आवळायचा विंग नट धक्क्याने सैल होतो. ट्रॅक्टरच्या अवजारांना असते ती लिंच पिन, म्हणजे भोकात घालून कडीने अडकवायची खीळ, मात्र प्रत्येक शेतकरी घरातल्या बाईला ओळखीची असते. ती आम्ही साखळीने दांड्याला अडकवली, म्हणजे मातीत हरवत नाही.

भोक किती उंचीवर पाडायचं, हा प्रश्न अंदाजाने सोडवण्याचा नव्हता. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने देशभरातल्या शेतात राबणाऱ्या स्त्री-पुरुषांच्या शरीराची मापं गोळा केलेली आहेत, त्यांचा आधार घेतला. आणि आमच्या असेंब्लीतल्या बायका सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या रानात कोळपतात, त्यांना नमुने घरी दिले. मूठ कंबर आणि कोपर यांच्या मध्ये आली की खांदा मोकळा राहतो, हे त्यांनीच पक्कं केलं. पाच भोकं ठरली.

इथे सरांशी माझा खरा वाद झाला. पाच भोकं म्हणजे ड्रिलिंगचा वेळ वाढणार, आणि ते हातात स्टॉपवॉच घेऊन उभे. त्यांचं मोजमाप बरोबर होतं, ड्रिलिंगचा वेळ वाढलाच. पण तीन मापांचं एक झालं, दोन जिग उतरले, सेटिंगची मारामारी संपली, आणि बोल्ट आवळण्याचं काम असेंब्लीतून गेलं. एका मशीनवर हिशेब मांडला तर तोटा, अख्ख्या शेडचा मांडला तर चांगला फायदा. सरांनी तो कागदावर मांडून पाहिला आणि पटल्यावर स्वतःच लेआउट बदलून दिला. ड्रिल आता बेंडिंगच्या शेजारी आहे.

मुठीचं प्रकरण अधिक अवघड होतं. पाइपच्या कापलेल्या तोंडाची बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, घासून काढायची आणि वर रबराची ग्रिप चढवायची, ही दोन्ही कामं फळ्यावरच्या यादीत "जास्तीची प्रक्रिया" म्हणून आली. विक्रीच्या नजरेने तेही खरं, कारण दुकानात कोणी मूठ चाचपून बघत नाही. मी ती चिंधी मागून आणली होती. मीटिंगमध्ये टेबलावर ठेवली. जे काम आपण वाचवतो ते त्या बाईला रोज सकाळी साडी फाडून करावं लागतं, तर ते वायफळ कसं, एवढंच विचारलं. घासणं आणि ग्रिप दोन्ही राहिलं. एखादी प्रक्रिया काढून टाकायची की नाही, हे ती वस्तू दिवसभर हातात धरणाऱ्याला विचारल्याशिवाय ठरवायचं नाही, हा नियम तेव्हापासून आमच्याकडे लागू आहे.

याच जिल्ह्यातल्या किर्लोस्करवाडीचा इतिहास आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतो. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे कारखाना थाटला. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला खपत नव्हता, कारण लोखंडाने जमीन नासते असा समज होता. नांगर चांगला असून भागलं नाही, शेतकऱ्याच्या मनातली भीतीही समजून घ्यावी लागली.

मग तोच प्रश्न शेडमध्ये विचारला. असेंब्लीचं टेबल सगळ्यांना एकाच उंचीचं. उंच पोरं वाकून काम करायची, बुटक्या बायका लाकडी फळीवर उभ्या राहायच्या. टेबलांना स्क्रू जॅक लावले. पाठदुखीने होणारे खाडे कमी झाले आणि दुपारनंतर जो वेग पडायचा तोही टिकू लागला.

हंगामाचं गणित मात्र टोयोटाच्या पुस्तकात बसत नाही. आमची निम्म्याहून जास्त मागणी पेरणीनंतरच्या काही आठवड्यांत एकदम येते, आणि वाफसा कोणासाठी थांबत नाही. म्हणून दांडा, चाक, फ्रेम वर्षभर करून ठेवतो. पातं मात्र ऑर्डर आली की बसवतो, भुईमुगाच्या फूटभर ओळीला अरुंद, सोयाबीनच्या दीड फुटी ओळीला रुंद. साठा अजूनही असतो, पण तो कुठल्याही गिऱ्हाइकाला जाऊ शकतो.

सध्या डोक्यात हळद आहे. गादीवाफ्यावर ठिबक अंथरलेलं असतं आणि पात्याचं टोक लॅटरलला, म्हणजे ठिबकच्या नळीला, लागून ती कापते, म्हणून हळदवाले कोळपं घ्यायलाच कचरतात. पात्याच्या दोन्ही कडांना वाकवलेली पट्टी लावून काही नमुने मिरजेच्या पूर्व भागात दिले आहेत. नळी वाचते, पण ओल्या मातीत पट्टीत गवत अडकतं आणि बाईला दर चार पावलांवर वाकून ते काढावं लागतं. पट्टीचा कोन बदलून पुढची खेप आता तयार होते आहे.