आईच्या टीव्हीवर प्लेक्स का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, आणि एकदाच लिहितोय. ऑफिसातल्यांनी विचारून झालं. भाच्याने दोनदा विचारलं. परवा लातूरच्या बसस्टँडवर भेटलेल्या शाळासोबत्याने तर चहाचा कप तोंडाला लावायच्या आत तेच काढलं: "वर्षभर जेलीफिन जेलीफिन करून आमचे कान किटवलेस, आणि तुझ्याच आईच्या टीव्हीवर प्लेक्स?"

होय, प्लेक्स. फेब्रुवारीपासून. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: दोन्ही म्हणजे घरच्या संगणकावरचे व्हिडिओ टीव्हीवर-मोबाइलवर दाखवणारी सॉफ्टवेअरं.)

आधी हे सांगून टाकतो की माझं मत बदललेलं नाही. एम्बी या तसल्याच तिसऱ्या सॉफ्टवेअरवाल्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये आपला आधी सगळ्यांना खुला असलेला कोड झाकून घेतला, तेव्हा त्यांच्या ३.५.२ या आवृत्तीवरून काही जणांनी वेगळी चूल मांडली, तेच जेलीफिन. ती चूल अजून सगळ्यांना खुली आहे, पास नाही की हप्ता नाही. प्लेक्स आणि कोडी ही पलीकडची भावकी. दोघांचं मूळ एक्सबीएमसी, म्हणजे एक्सबॉक्सवर चालावं म्हणून लिहिलेलं जुनं काम. कोडी हे नाव २०१४ मधलं. भावकीत बांधावरून जसं होतं तसंच इथंही आहे. बाहेरच्याला वाटतं सगळे एकच, आतल्यांना विचारा.

आणि मे २०२५ मध्ये प्लेक्स सोडून जेलीफिनवर गेलो ते हिशेबानेही बरोबरच होतं. सर्व्हर लातूरच्या घरी, शोकेसच्या खालच्या कप्प्यात: स्क्रीन फुटलेला एक जुना लॅपटॉप, सातव्या पिढीचा आय-५, इन्व्हर्टरच्या लाइनवर. बघणारे आम्ही तीन ठिकाणी. आई लातूरला, मी पुण्यात, मावसबहीण म्हणजे ताई परभणीला. २९ एप्रिल २०२५ पासून प्लेक्सने घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ बघायलाही पैसे लावले आणि कायमच्या पासाची किंमत १२० डॉलरवरून २५० वर नेली. त्यांचा धंदा आहे, त्यांनी ठरवावं. पण मी पास घेतलेला नव्हता, आणि इंटेल चिपमधलं क्विक सिंक, म्हणजे व्हिडिओचं रूप झटपट बदलणारा भाग, वापरून बघणाऱ्याच्या टीव्हीला-मोबाइलला चालेल अशी फाइल बदलून देण्याचं काम प्लेक्स काय, एम्बी काय, पैसे भरल्याशिवाय करत नाहीत. जेलीफिन फुकट करतं. राहिला बाहेरून घरात शिरायचा प्रश्न. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांना स्वतःचा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा पत्ता, नसतो, पोर्ट उघडून काही होत नाही. ते टेलस्केलने सुटलं; ते आपली घरातली-बाहेरची यंत्रं एका खासगी जाळ्यात जोडतं. एका दुपारचं काम. कोडीचा विचारच केला नाही, कारण तो मुळात सर्व्हर नाही; एका टीव्हीपुढे बसून बघणाऱ्याचं ते काम.

तर मे महिन्यात चार दिवसांची सुट्टी काढून लातूरला गेलो आणि सगळं बदललं. आईच्या टीव्हीवर जेलीफिनचं ॲप मिळत नव्हतं, म्हणून अँड्रॉइडचा छोटा बॉक्स आणला आणि एचडीएमआय दोनला जोडला. गोंधळ नको म्हणून टीव्हीतलं प्लेक्सचं ॲप काढून टाकलं. आईला समोर बसवून दोनदा करून दाखवलं. आई "हं, हं" म्हणाली. शिकवताना आई "हं, हं" म्हणते तेव्हा तिला काहीही कळलेलं नसतं, हे मला वयाच्या सातव्या वर्षापासून माहीत आहे. तरी मी समाधानाने पुण्याला परतलो.

आता कॅसेटबद्दल. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

आमच्या सर्व्हरवर सिनेमे वगैरे आहेत, पण तो उभा केला एका फाइलसाठी. ताईच्या लग्नाची व्हीएचएस, मे १९९३. मावशीचं गाव किल्लारीच्या बाजूचं. व्हीसीआर आमच्याकडे होता, मावशीकडे नव्हता, म्हणून कॅसेट बघायला लातूरला आली आणि आमच्याकडेच राहिली. पुढे ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून दमून झोपलेलं गाव. दगडमातीच्या हातभर जाड भिंती आणि लाकडांवर रचलेलं मातीचं माळवद. मावशीला दुपारी बाहेर काढलं. काका आणि धाकटा दादा सापडले ते दुसऱ्या दिवशी. ताई वाचली, कारण चार महिन्यांपूर्वी लग्न होऊन ती परभणीला गेली होती. घरातल्या फोटोंचं काय झालं असेल ते सांगायला नको. काकांचं हलतं-बोलतं रूप उरलं ते त्या एका कॅसेटमध्ये.

बोलतं असंही नाही म्हणा. पंगतीत बुंदीचं ताट घेऊन काका वाढत येतात, कॅमेरा दिसला की थांबतात, काहीतरी म्हणतात आणि हसतात. मागे बँड एवढ्या जोरात आहे की काय म्हणाले ते कुणालाच कळत नाही. मावशी म्हणायची, "ते म्हणालेत, माझं काय काढालास, नवरीचं काढ." आईच्या मते ते बुंदीबद्दल बोलत होते. यावर दोघी बहिणी दरवर्षी भांडायच्या.

बुरशी धरायच्या आत मी ती कॅसेट संगणकावर उतरवून घेतली: ७२० बाय ५७६, एमपेग-२, तीन तासांची आठ जीबीची फाइल. कुणी हललं की कडांना कंगव्याचे दात फुटल्यासारख्या रेघा दिसतात, ते सर्व्हरने जागच्या जागी पुसून द्यावं लागतं. पहिल्यांदा प्लेक्समध्ये टाकली तेव्हा मी विभाग सिनेमांचा निवडला. त्याने नावावरून अंदाज बांधून ताईच्या लग्नाला कुठल्याशा परदेशी सिनेमाचं पोस्टर चिकटवलं. आई म्हणाली, "ही बाई कोण रे आपल्यात?" घरगुती व्हिडिओंना वेगळा विभाग करावा लागतो, जेलीफिनमध्येही. तुम्ही विचारत नाही, तरी सांगून ठेवतो.

मावशी दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटी लातूरला यायची. बाकीचे तिथी धरतात, मावशी तारीख धरायची. दुपारी जेवणं झाली की दोघी कॅसेट लावायच्या. फाइल झाली तरी दोघींसाठी ती कॅसेटच.

२०२५ चा सप्टेंबर तुमच्या लक्षात असेल. मराठवाडाभर पाऊस, मांजराकाठची शेतं पाण्यात, रस्त्यांचं काही खरं नाही. मी यायचं ठरवलं होतं, आईनेच फोनवर सांगितलं, येऊ नकोस. मावशी आधीच येऊन थांबली होती.

३० तारखेला दुपारी लाइट गेली आणि आली. टीव्ही इन्व्हर्टरवर नाही, तो बंद होऊन पुन्हा लागला तो केबलवर. आईने रिमोट घेतला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलने लिहिलेलं वाचून बटणं दाबली: घराचं चित्र, दोनदा उजवीकडे, ओके. अक्षर तिचंच, सूचना तीन वर्षांपूर्वीची. नवं कॅलेंडर आलं की ती हे उतरवून घ्यायची. मी मे महिन्यात बॉक्स आणला, ॲप काढलं, कॅलेंडरकडे बघितलं नाही. दोनदा उजवीकडे आता यूट्यूब होतं. तिथे कुणीतरी कुकरमधला केक शिकवत होतं.

आई तासभर खटपट करत होती. मग शेजारच्या मुलाला हाक मारली. तो हुशार आहे, पाच मिनिटांत म्हणाला, "काकू, ह्याच्यात ते ॲपच नाही." बॉक्सचा रिमोट वेगळा आहे हे त्याला कसं कळणार? तो रिमोट शोकेसमध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, खराब होऊ नये म्हणून आईने नीट ठेवलेला. मावशी समोर खाटेवर बसून होती. शेवटी म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. डोळ्यापुढं हायच की."

मला कुणी फोन केला नाही. "तुला कामात कशाला त्रास," असं आई दिवाळीत म्हणाली, आणि तेही विचारलं तेव्हा. मी सहज म्हणालो होतो, कसं चाललंय नवीन सिस्टीम? आई करंज्या तळत होती. झाऱ्यावरची नजर न काढता म्हणाली, "लागंनाच गेलं बघ त्या दिवशी."

रात्री मी सर्व्हरच्या नोंदी बघितल्या. ३० सप्टेंबर २०२५, प्रेक्षक एक. मी, पुण्याहून, रात्री साडेआठला. एक जुनी क्रिकेट मॅच.

मावशी तोवर परभणीला गेली होती. म्हटलं संक्रांतीला आणू, नीट लावून दाखवू. मार्गशीर्षात ती गेली.

आता मे महिन्यातला मी काय म्हणेन ते मला पाठ आहे. म्हणेल: दोष जेलीफिनचा कुठे होता? कागद न बदलणारा तू, रिमोट न समजावणारा तू. कबूल. म्हणेल: फाइल तीच, फोल्डर तेच, सॉफ्टवेअर म्हणजे नुसती खिडकी, खिडकी बदलली तर घर बदलतं का? हे वाक्य मी ऑफिसात दहा वेळा टाकलं आहे, आणि त्याचा मला आता राग येतो. कारण आईने पुढे जे सांगितलं ते असं: "आधी ते आपोआप तिथंच लागायचं ना, म्हणून सोपं होतं."

तिथंच म्हणजे काकांवर. दोघी दरवर्षी बुंदी वाढून होईपर्यंत बघायच्या, थोडं मागे घ्यायच्या, पुन्हा बघायच्या आणि तिथंच बंद करायच्या. पाठवणी मावशीला बघवत नसे. प्लेक्स ती जागा लक्षात ठेवायचं, पुढच्या वर्षी तिथूनच सुरू करू का विचारायचं, आई ओके दाबायची. ही खूण फाइलमध्ये नसते, सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असते. जेलीफिनमध्ये ती शून्यावर होती. म्हणजे त्या दुपारी पिशवीतला रिमोट सापडला असता, एचडीएमआय दोनही लागलं असतं, तरी दोघींपुढे आला असता तो वाजंत्रीचा पहिला तास. अशा खुणा इकडून तिकडे नेणारी साधनं आहेत. मला माहीत होती. मला वाटलं, कोण कुठला भाग बघून झाला याची यादी, तिचं एवढं काय?

पण लगेच दुसरी बाजूही म्हणतो, नाहीतर तुम्ही याला प्लेक्सची जाहिरात समजाल. ती खूण ज्या डेटाबेसमध्ये आहे तिथे पोचायला त्यांच्या खात्यातून लॉगिन करावं लागतं. इंटरनेट गेलं की टीव्ही अडू नये म्हणून घरातल्या जाळ्याचे पत्ते विनालॉगिन चालू द्यायचं सेटिंग आधीच भरून ठेवावं लागतं. ते मी या वेळी भरलं. घरातल्या घरात बघणं आज फुकट आहे. उद्या? घराबाहेरचंही काल फुकटच होतं. मे महिन्यातला मी मूर्ख होता, पण खोटं बोलत नव्हता.

मग आता लॅपटॉपवर दोन्ही चालू आहेत. जेलीफिन पोर्ट ८०९६ वर, प्लेक्स ३२४०० वर, एकाच फोल्डरकडे बोट दाखवून, दोघांनाही फक्त वाचायची परवानगी. दुप्पट निगा, दुप्पट अपडेट. भाचा म्हणतो, हे काही उत्तर झालं नाही. खरं आहे. भाच्या, तुझ्या घरी रिमोट कुणाच्या हातात असतो ते आधी बघ, त्यांनी कुठे काय लिहून ठेवलंय ते बघ, मग मला फोन कर. तेव्हाही मी ठाम काही सांगेनच असं नाही.

फेब्रुवारीत प्लेक्स परत सुरू केलं ते अंगात आळस होता म्हणून जमलं. मे महिन्यात मी सर्व्हर नुसता बंद केला होता, पुसायचा राहिला होता. टीव्हीत ॲप टाकलं, आईच्या कॅलेंडरवर बघून चिन्ह जुन्या जागी आणलं: घर, दोनदा उजवीकडे. ताईचं लग्न उघडलं. त्याने विचारलं, १ तास ४ मिनिटांपासून पुढे चालू करू की सुरुवातीपासून?

मी काही न निवडता बॅक दाबून मागे आलो. आईने अजून लावलेलं नाही, मी विचारलेलंही नाही. ताई मात्र परभणीत मोबाइलवर बघते, जेलीफिनवर, स्वतःच्या खात्यातून, पाठवणीपर्यंत. तिची खूण वेगळी पडते.