पाणी बंद करायला शिकले

नोव्हेंबरात नागपूरच्या नर्सऱ्यांमध्ये जिरेनियम म्हणून जे मिळतं ते खरं तर पेलार्गोनियम. 1789 मध्येच फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ लेरित्येने ही प्रजाती वेगळी काढली, पण जुनं नाव चिकटलं ते चिकटलंच. मला मात्र त्याची दक्षिण आफ्रिकेतली रानटी भावंडं हवी होती. मैत्रिणीने त्यातल्याच एका जातीच्या, पेलार्गोनियम ट्रिस्टेच्या पाच बिया दिल्या. टोकाला स्प्रिंगसारखी वळलेली केसाळ शेपटी; दमट हवेत ती सुटते, कोरडीत पुन्हा पिळते आणि बी मातीत शिरतं.

टरफल पॉलिश पेपरवर हलकेच घासून, रात्रभर भिजवून बिया लावल्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून अर्ध्याहून जास्त रेतीच घातली. तीन उगवल्या. बारीक चिरलेली पानं पाहून आई म्हणाली, "गाजर लावलं का वं?"

मार्चअखेर पानं पिवळी पडली. मला वाटलं उन्हानं तहानली असतील. दोन वेळा पाणी द्यायला लागले. मे महिन्यात, पारा 45 वर असताना, एक कुंडी उकरली तर कंद सडक्या बटाट्यासारखा बोटात फुटला. दुसऱ्याचंही तेच. मी खूप रडले. तिसरा चाचपला, टणक होता.

मग नीट वाचलं. ट्रिस्टेच्या मूळ गावी, दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात, पाऊस हिवाळ्यात पडतो, उन्हाळा कोरडा. झाड झोपी गेलं होतं आणि मी त्याला पाणी पाजत होते. त्या दिवसापासून पाणी बंद. कुंडी जिन्याखाली ठेवली, आपला पावसाळाही तिने तिथेच कोरडा काढला. कोजागिरीला पहिलं पाणी दिलं, दिवाळीत कोंब आला.

फूल यायला आणखी दोन हिवाळे गेले. मळकट पिवळ्या पाकळ्या, त्यावर तपकिरी जांभळट डाग. दिवसा वासच नाही. रात्री आठला गच्चीचं दार उघडलं आणि लवंगेसारखा गोड दरवळ आला. आईला हाक मारून वर बोलावलं.

यंदा त्यावर लोबॅटम या दुसऱ्या रानटी पेलार्गोनियमचे परागकण लावून पाहिले. फुलात आधी पराग पिकतात, मग काही दिवसांनी कुक्षी पाच टोकांनी उलगडते. तोपर्यंत थांबावं लागतं. स्वतःचे पराग आधीच चिमट्याने काढले होते. करकोच्याच्या चोचीसारखं फळ धरलं. पाचांतल्या दोनच बिया भरल्या. कागदी पाकिटावर तारीख टाकून ठेवल्यात. कोजागिरीनंतर लावीन.