बुलेटची तिसरी सीट : मृगाआधीची पाणीपरीक्षा

माझ्या जुन्या बुलेटसाठी हाताने शिवलेल्या तिसऱ्या एकेरी सीटची शिवण चैत्रातच पूर्ण झाली होती. त्यानंतरचे तीन आठवडे गेले ते तेल, मेण आणि पाणी यांच्या मागे, आणि ही नोंद त्याच तीन आठवड्यांची आहे.

चामडे कोल्हापूरच्या सुभाषनगरातून आणलेले, बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले, म्हणजे कोल्हापुरी चपलेच्याच जातीचे, साधारण ३ मिलिमीटर जाडीचे आहे. ते बसून बसून अंगासारखे घडते म्हणून मला प्रिय आहे. मात्र त्यावर कोणताही लेप नसल्यामुळे ते पाणी टिपकागदासारखे ओढून घेते. पहिल्या सीटला मी लोखंडी स्क्रू मारले होते आणि पहिल्याच पावसात प्रत्येक स्क्रूभोवती शाईसारखा काळा डाग पसरला, कारण सालीतले टॅनिन (चामडे कमावणारे तुरट द्रव्य) आणि ओले लोखंड एकत्र आले की काळा रंग तयार होतोच. तेव्हापासून मी तांब्याचेच रिव्हेट वापरतो. दुसऱ्या सीटवर अ‍ॅक्रिलिकचे तीन हात दिले. ती आरशासारखी चमकली खरी, पण पुढच्या नाकाडापाशी जिथे चामडे दुमडते तिथे दिवाळीपर्यंत लेपाला बारीक चिरा गेल्या. त्या चिरांतून आत शिरलेल्या पाण्याला लेपामुळेच बाहेर पडता येईना आणि खालच्या बाजूने बुरशी धरली.

म्हणून या वेळी लेप नाही, फक्त तेल आणि मेण. रंग दिल्यानंतर पांढरे फडके घासून त्यावर काहीही उतरत नाही अशी खात्री होईपर्यंत मी पुढचे काम हाती घेतले नाही (पहिल्या सीटने माझी एक पांढरी विजार कायमची तपकिरी केली आहे). मग एरंडेल तेलाचे दोन हलके हात, दोन्हींमध्ये एका दिवसाचे अंतर ठेवून. तिसरा हात देण्याचा मोह चपलांच्या दुकानातल्या मामांनी मोडला. ते म्हणाले, "तेल चामड्याला पाजायचं असतंय, आंघोळ घालायची न्हाई." जास्त तेलाने चामडे ढिले पडते आणि सीट मधोमध खचते, हे पहिल्या सीटवरून मला समजायला हवे होते.

त्यावर मधमाशीचे मेण एक भाग आणि एरंडेल दोन भाग, पाण्यावर ठेवलेल्या पातेल्यात वितळवून केलेले मलम चोळले. मेण साधारण ६२ ते ६५ अंशांना वितळते, त्यामुळे मोठी आच लागतच नाही. मलम चामड्यात मुरवण्यासाठी केस वाळवायचे यंत्र दूर धरून पुरले. गरम हवेखाली मलमाचा पांढुरका थर क्षणभर ओलसर चमकतो आणि डोळ्यांदेखत आत जिरतो. तो जिरायचा थांबला की तिथे आणखी लावू नये.

खरा वेळ मात्र कडांनी आणि टाक्यांनी खाल्ला. चामड्याच्या पृष्ठभागापेक्षा पाणी आरीने पाडलेल्या भोकांतून आत जाते, असे माझे मत आता पक्के झाले आहे. कडा रापीने गोल करून, डिंकाचे पाणी लावून, सागवानी दांडक्याने त्या काचेसारख्या होईपर्यंत घोटल्या. दोन सुयांच्या शिवणीसाठी सुती दोरा टाळून मेण लावलेला पॉलिएस्टरचा घेतला, आणि शिवण झाल्यावर प्रत्येक टाक्यावर वरून व खालून मलम दाबून भरले. आतला फोम बंद छिद्रांचा आहे, म्हणजे पाणी शोषून न घेणारा. शिवाय सीटच्या तळाच्या पत्र्याच्या सर्वांत खोलगट जागी ६ मिलिमीटरची चार भोके पाडली आहेत, कारण थोडे तरी पाणी आत जाणारच आणि त्याला बाहेरची वाट हवी.

परीक्षा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर झाली. कोरडी सीट २,३१० ग्रॅम भरली. अंगणात झारीने वीस मिनिटे पाणी ओतून, वरवर पुसून पुन्हा तोलली तेव्हा २,३५२ ग्रॅम. गेल्या वर्षीच्या सीटने याच परीक्षेत १९० ग्रॅम पाणी प्यायले होते. सावलीत, वाऱ्यावर ठेवल्यावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काटा २,३१६ वर आला. उन्हात वाळवली असती तर वेळ वाचला असता, पण चामडे कडक झाले असते.

रविवारी कळ्याच्या पुढे गगनबावड्याच्या रस्त्यावर वळवाने गाठले. अर्धा तास भिजूनही बैठकीची जागा कोरडी लागली आणि थेंब मोत्यासारखे घरंगळत होते. घरी येऊन सीट उलटी केली तेव्हा मात्र मागच्या बाजूला, जिथे शिवणीच्या शेवटच्या गाठी एकत्र आल्या आहेत, तिथे दोन बोटे रुंद ओल सापडली. गाठी मी बाहेरच्या बाजूला मारल्या होत्या. या आठवड्यात ते सहा टाके उसवून, दोरा मागे वळवून गाठी पत्र्याच्या बाजूला घेणार आहे आणि पुन्हा झारी, पुन्हा वजनकाटा.