मुंबईचा डॉलर

रविवार, रात्री

आज दुपारभर १८९७ सालचा ब्रिटिश ट्रेड डॉलर भिंगाखाली धरून बसले होते. वजन जवळजवळ २७ ग्रॅम, चांदी नव्वद टक्के. राणीछाप रुपयाच्या दुपटीहून जड.

हा डॉलर पाडला मुंबईत, फोर्टातल्या टांकसाळीत, आणि चालला हाँगकाँगात, चीनच्या बंदरांत. लोकांनी टांकसाळीत चांदी नेऊन द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे, ही सोय सरकारने १८९३ साली बंद केली. तिकडे पूर्वेच्या व्यापाराला चांदीचे डॉलर हवे होते. १८९५ पासून इथली यंत्रं त्या कामाला लागली.

दर्शनी बाजूला ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपात कल्पिलेलं ब्रिटन, उभी आहे. एका हातात त्रिशूळ, दुसरा ढालीवर, मागे शिडं फुगलेलं जहाज. समुद्र आमचा, हेच ते चित्र सांगतं. पण राणीचा चेहरा कुठेच नाही, तोही तिच्या राज्यारोहणाची साठ वर्षं थाटात साजरी झाली त्या साली! रुपया प्रजेच्या हातात जायचा, तिथे ती मुकुट घालून हजर. चिनी व्यापाऱ्याला मात्र राणीशी काय देणंघेणं? चांदी खरी असली म्हणजे झालं. माझ्या नाण्यावर ढालीजवळ एक इवलासा चिनी शिक्का ठोकलाय. कुणा सराफाने पारखून उमटवलेली खूण. ब्रिटानियाच्या शब्दावर त्याने विश्वास ठेवला नाही, हे मला फार आवडतं.

मागच्या बाजूला दीर्घायुष्याचं चिनी चिन्ह, आणि किंमत चिनीत नि अरबी लिपीतल्या मलयात. मराठी-गुजरातीचं एक अक्षर नाही. मुंबईची निशाणी एवढीच, त्रिशुळाच्या मधल्या टोकावर बारीकसा ‘बी’.

आणि ते साल प्लेगचं. आदल्या सप्टेंबरात मांडवीत सुरू झालेली साथ शहरभर पसरलेली, माणसं गाठोडी बांधून गावाकडे निघालेली. तशातही टांकसाळीत लाखोंनी डॉलर पडत होते. भट्टीपाशी कोण उभं होतं? ठसे कोण बदलत होतं? त्यांची नावं नाण्यावर असणं शक्यच नव्हतं, पण ब्रिटानियाकडे पाहताना मला तीच माणसं दिसत राहतात.

१९३७ साली हाँगकाँगात हे डॉलर चलनातून बाद झाले. थोडे कलकत्त्यातही पाडले होते. तिथला ‘सी’वाला एखादा मिळाला तर दोन्ही शेजारी ठेवून पाहायचे आहेत.