सेफ्टीवाले आणि सिक्युरिटीवाले

इंग्रजीचा मास्तर रिटायर झाला तरी कॉलनी त्याला सोडत नाही. कुणाचा अर्ज तपासून दे, कुणाच्या पत्रिकेतलं इंग्रजी बघ, आणि अधूनमधून, ‘सर, या दोन शब्दांत फरक काय हो?’

परवा शेजारचा मुलगा आला. सातपूरला एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर म्हणून लागलाय. त्याची तक्रार वेगळीच. ‘सर, आजी अख्ख्या नाशिकरोडला सांगत सुटलीय, नातू वॉचमन झाला म्हणून!’

आजींचा काय दोष? मराठीत दोघेही सुरक्षावालेच. इंग्रजी मात्र विचारतं, नुकसान कुणी मुद्दाम करणार आहे का? फरशीवर सांडलेल्या तेलाच्या मनात कुणाला पाडायचं नसतं. तिथे सेफ्टी. गेटवर डबा उघडून बघतात, कारण कुणाच्या तरी मनात काही असू शकतं. ती सिक्युरिटी. दोघांची गंमत बघायची तर कारखान्याच्या मागच्या दाराशी उभं राहावं. सेफ्टीवाला म्हणतो, आग लागली तर माणसं बाहेर पडली पाहिजेत, दार उघडं ठेवा. सिक्युरिटीवाला म्हणतो, माल बाहेर जाईल, कुलूप घाला. शेवटी त्या दाराला आतून आडवी दांडी बसवतात. आतून ढकललं की उघडतं, बाहेरून नाही. माझ्या मते या दोन शब्दांचा फरक कुठल्याही डिक्शनरीपेक्षा ती दांडी चांगला समजावते.

तसं आमच्या नाशिकरोडला हा शब्द नवा नाही. पोस्टाची तिकिटं आणि पासपोर्ट छापणारी सिक्युरिटी प्रेस इथलीच, आणि 1928 पासून नोटा छापणारी करन्सी नोट प्रेसही. पण पूर्ण नाव घेतो कोण? ‘प्रेसमध्ये आहे’ म्हटलं की मुलगी द्यायला लोक तयार व्हायचे. तिथली सिक्युरिटी नुसती गेटवर नसते, कागदाच्या अंगातच असते. नोट उजेडाला धरली की वॉटरमार्क दिसतो, तो नकली नोटा छापणाऱ्यासाठीच.

वर्गात मला सगळ्यात जास्त छळलं ते सावलीने. मुलं हमखास लिहायची, ‘वी सॅट इन द शॅडो ऑफ अ ट्री.’ उन्हापासून आडोसा मिळतो ती शेड. आकार दिसतो ती शॅडो. आंब्याखाली गाडी लावली ती शेडमध्ये, भिंतीवर मांजर हललं ती त्याची शॅडो. एकदा एका पोरीने विचारलं, ‘सर, मराठीत एकच शब्द असून आपलं काही अडतं का?’ नाही अडत. पण आपणही दुसरीकडे भेद केलाच आहे. सूर्य वेगळा, ऊन वेगळं. एप्रिलमध्ये सीबीएसला, म्हणजे नाशिकच्या मुख्य बसस्टँडवर, बसची वाट बघणारा माणूस उन्हात उभा असतो, सूर्यात नाही. इंग्रजाला मात्र बिनधास्त ‘इन द सन’ उभं राहता येतं. त्यांच्याकडे ऊन कमी, म्हणून फरक करायची गरज पडली नसावी, असा माझा एक बिनबुडाचा सिद्धांत आहे.

फॉग आणि मिस्टचं तर हवामानवाल्यांनी मापच ठरवून टाकलंय. एक किलोमीटरच्या आतलंच दिसत असेल तर फॉग, त्यापलीकडचंही दिसत असेल तर मिस्ट. निफाडच्या द्राक्षवाल्याला या मापाचं काय? त्याला वेलीवर डावणी, म्हणजे तो बुरशीचा रोग, येईल का, एवढंच कळायला हवं.

द्राक्षांवरून आठवलं. ग्रेप हा शब्द इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतला, पण मुळात तो घडाचा. एकेका मण्याला ते घडाचं नाव लावून बसले. रेझिन म्हणजे फ्रेंचांचं ताजं द्राक्ष, इंग्रजीत आल्यावर सुकलं. करंट हे बारीक काळं सुकं द्राक्ष ग्रीसमधल्या कॉरिंथ गावाच्या नावावरून आलेलं. विजेच्या करंटचं स्पेलिंग वेगळं. यावर कुणी हसायला लागलं, तर त्याला आमच्याकडे शिरा खायला बोलवावं. दुकानदाराने बेदाण्यांऐवजी बियांच्या काळ्या मनुका बांधून दिल्या, की ‘द्राक्षंच ना दोन्ही?’ असं बायकोला म्हणण्याची माझी आजही हिंमत होत नाही.