चाफ्याचा तांबेरा

जुळे सोलापुरातील आमच्या घराच्या फाटकाशी असलेल्या खुरचाफ्याची पाने गेल्या वर्षी गणपती विसर्जनानंतर गळू लागली. हे झाड थंडीत निष्पर्ण होतेच, म्हणून मी आधी लक्ष दिले नाही. परंतु थंडीला अवकाश होता आणि गळालेल्या पानांवर फिकट पिवळे ठिपके होते.

दोन पाने घेऊन मी शेती औषधांच्या दुकानात गेलो. केगावला २००५ पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असलेल्या आमच्या गावात पानावरचा कोणताही डाग आधी तेल्या, म्हणजे डाळिंबावरचा जिवाणूजन्य रोगच वाटतो. दुकानदाराने पान उलटून न पाहताच कॉपर ऑक्सिक्लोराइड आणि स्ट्रेप्टोसायक्लिन दिले. दोन फवारण्या झाल्या, तरी गळती थांबली नाही.

खरे निदान अंगण झाडणाऱ्या मावशींनी केले. "काका, हे शेंदरावानी काय लागतंय हो हाताला?" असे म्हणून त्यांनी बोटे पुढे केली. मी पान उलटले, तर खालची बाजू नारिंगी पुटकुळ्यांनी भरलेली होती आणि फुंकर मारताच भुकटी उडाली. हा तांबेरा होता, म्हणजे बुरशी. स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. कॉपर बुरशीनाशक खरे, पण मी ते केवळ पानांच्या वरच्या बाजूस मारले होते. ही बुरशी चाफ्यावरच वाढते, त्यामुळे शेजारच्या गुलाबांची काळजी मिटली.

चूक माझीही होती. धूळ धुण्यासाठी मी रोज संध्याकाळी बोअरच्या पाण्याचा पाइप झाडावर धरत असे आणि गळालेली पाने आळ्यातच पसरवत असे. सोलापूरचा सर्वाधिक पाऊस सप्टेंबरमध्ये पडतो, त्यात ही माझी भर, म्हणजे बीजाणू रुजायला लागणारी ओल मीच पुरवत होतो. पाणी बुंध्याशी देऊ लागलो, पाने गोणीत भरून घंटागाडीत टाकली. गंधकाची फवारणी ऑक्टोबरच्या उन्हात पाने भाजते, म्हणून मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरला अडीच ग्रॅम, स्टिकरसह (औषध पानाला चिकटवणारे द्रव्य), पानांच्या खालच्या बाजूने बारा दिवसांच्या अंतराने दोनदा फवारले. त्याने जुन्या पुटकुळ्या जात नाहीत. नवी पाने मात्र वाचतात.

यंदा जूनपासून दर रविवारी पाने उलटून पाहतो. सप्टेंबरमध्ये खालच्या सात-आठ पानांवर पुटकुळ्या दिसल्या; ती चीक सांभाळत तोडली. शेंड्याला फुले आहेत.