नागली खळ्यात होती त्या साली

फील्डवर्कसाठी एमएसडब्ल्यूची मुलं घेऊन जव्हार तालुक्यातल्या एका पाड्यावर गेले होते. मी वारली आहे, अशाच पाड्यावर वाढले आणि आता समाजकार्य शिकवते. त्यामुळे आमच्या माणसांबद्दल मुलं कागदावर काय उतरवतात, ते मी फार बारकाईनं वाचते.

तिथल्या एका कुटुंबाचा वनहक्काचा दावा, म्हणजे कसत असलेल्या वनजमिनीवरचा हक्क मागणारा अर्ज, उपविभागीय समितीनं नामंजूर केला होता. कारण एका ओळीचं: वनखात्याच्या दंडाची जुनी पावती जोडलेली नाही. माझ्या एका हुशार विद्यार्थ्यानं अहवालात 'समस्या' या रकान्यात लिहिलं, 'निरक्षरता व पुराव्याचा अभाव.' ते वाचून मी सगळ्यांना थेट प्लॉटवर नेलं.

उतारावर एकाखाली एक दगडी बांध, कडेला वाघोबाचं ठाणं. २००८ च्या वनहक्क नियमांतला नियम १३ वर्गात झालेला होता. त्यानुसार बांधबंदिस्ती हा पुरावा, देवाचं ठिकाण हाही पुरावा, आणि दावेदार सोडून इतर म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेलं लिहून घेतलं तर तेही पुराव्यात धरतात. अमुकच कागद आणा असा आग्रह समितीनं धरायचा नाही, हे २०१२ च्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय. मग अभाव कशाचा?

शेजारच्या घरातल्या आजी बांधावर येऊन बसल्या. वर्गात क्वचितच तोंड उघडणारी आमच्यातलीच एक मुलगी होती, तिला मी पुढं केलं. तिनं साल विचारलंच नाही. वारलीत विचारलं, "आजी, हा बांध घातला तेव्हा तुझ्या घरात लहान कोण होतं?"

"थोरली लेक. अंगावर पीत होती."

"आणि इंदिरा गांधी गेल्या तेव्हा?"

"तेव्हा इथली नागली कापून खळ्यात आणलेली. गुरुजींच्या रेडिओवर कळलं."

३१ ऑक्टोबर १९८४. दिवस कापणीचेच. कायद्याला १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा लागतो; आजींची साक्ष त्याच्या एकवीस वर्षं मागची होती. थोरलीचं जन्मसाल बघायला तिचं मतदार ओळखपत्र मागवलं, तर बांध १९८४ हूनही जुना निघाला.

समाजकार्याच्या वर्गात आम्ही माणसाची केस लिहायला पुष्कळ शिकवतो, त्याची साक्ष लिहायला फारच कमी. हे मला वर्षानुवर्षं सलत आलंय. 'अभाव' लिहिणाऱ्या मुलालाच मी निवेदन लिहायला बसवलं. आजींचे शब्द जसेच्या तसे. लिहून झाल्यावर त्या मुलीनं ते वारलीत वाचून दाखवलं, तेव्हा आजींनी मधेच थांबवलं. वाघोबा प्लॉटच्या वरच्या अंगाला नाही, उगवतीला आहे म्हणाल्या. त्यानं खाडाखोड न करता पूर्ण पान पुन्हा लिहिलं. मग अंगठा, साक्षीदारांच्या सह्या, बांधांचे फोटो.

जिल्हास्तरीय समितीकडे अपिलाला ६० दिवसांची मुदत असते. ती संपायच्या आत अर्ज गेला. पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही, असं मुलांना बजावलं होतं. शिक्क्याची पोच दावेदाराच्या हातात दिली, एक प्रत ग्रामसभेच्या वनहक्क समितीच्या फाइलला लावली. सुनावणी अजून व्हायची आहे. त्या दिवशी आजींना सोबत न्यायचं ठरलंय, आणि ती मुलगीही जाणार आहे.